चावी बंद, तरी अल्टरनेटर कोमट : हर्णै बंदरातल्या एका डायोडचं प्रकरण

पहाटे इंजिन उचलत नाही, एवढीच तक्रार होती. हर्णै बंदरातली चार सिलिंडरची डिझेल बोट, १२ व्होल्टची वायरिंग, १०० अँपिअर-तासांची बॅटरी. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरली. पहिले काही दिवस नीट गेले आणि मग एका पहाटे सेल्फ मारला तर नुसती टकटक. रस्त्यावरच्या गाडीला चार माणसं धक्का तरी मारतात. सुवर्णदुर्गाच्या आसपास नांगरून ठेवलेल्या बोटीला तो उपाय नाही. शेजारच्या बोटीची बॅटरी होडीत घालून आणायची, जोडायची, इंजिन चालू करायचं, आणि तोवर बाकीच्या बोटी मासळीवर पोचलेल्या असतात.

माझ्याकडे येण्याआधी तांडेलांचे, म्हणजे बोटीच्या प्रमुखाचे, दोन खर्च होऊन गेले होते. आधी बॅटरी नवी घेतली. नवीही चार दिवसांत बसली, तेव्हा एका गॅरेजवाल्याने अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, कटआउट बदलून दिला. कटआउट म्हणजे व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर. फरक पडला नाही. मग कोणीतरी नांगराच्या दिव्याला दोष दिला. हा शेवटचा आरोप तर कागदावरच खोटा ठरतो. तो दिवा एलईडीचा, ५ वॅटचा. १२ व्होल्टला तो जेमतेम ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे बारा तासांत सुमारे ५ अँपिअर-तास. शंभराच्या बॅटरीला तेवढ्याने काही होत नाही. कोणतीही वस्तू बदलण्याआधी हा गुणाकार करावा, असं मी बंदरावर प्रत्येकाला सांगतो. त्याला पैसे पडत नाहीत.

खरा धागा तांडेलांच्या बोलण्यात मिळाला.

"मेस्त्री, चार्जिंगचा लाल दिवा लागतच नाय. म्हंजे डायनमो बरोबर हाय ना?"

"चावी फिरवल्यावर, इंजिन चालू व्हायच्या आधी तरी लागतो का, काका?"

"नाय. औंदा लागलाच नाय."

त्यांच्याबरोबर आलेला तरुण खलाशी मध्येच म्हणाला, "रात्री चावी काढलेली असते तेव्हा दिसतो. एकदम बारीक, लालसर."

चावी दिल्यावर लागायला हवा तो दिवा लागत नाही आणि चावी काढल्यावर मंद पेटतो. दोन्ही गोष्टी उलट्या. बंदरावर अनेकांचा समज असा की लाल दिवा विझलेला असला की सगळं ठीक. प्रत्यक्षात इंजिन बंद असताना चावी दिली की तो लागलाच पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. यातला एक भाग जरी चुकला तरी अल्टरनेटरकडे बघायला हवं.

बोटीवर काय दिसलं

संध्याकाळी लिलाव आटोपल्यावर होडीने बोटीवर गेलो. इंजिन बंद होऊन बराच वेळ झाला होता. ब्लॉक गार पडत आला होता, पण अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला हात लावला तर तो इंजिनापेक्षा स्पष्ट कोमट. चावी बंद, सगळे स्विच बंद. खिशातली हॅकसॉची तुटकी पाती अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ नेली, तर ती टक्‌ करून चिकटली. उभ्या अल्टरनेटरने पाती अशी ओढायला नको. ती ओढतोय याचा अर्थ आतल्या रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, गुंडाळीतून प्रवाह वाहतोय आणि तिचं चुंबक झालंय.

मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावला. (असा मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नये. स्टार्टर शंभरांनी अँपिअर ओढतो, मीटर क्षणात जातो.) आकडा आला ३.४ अँपिअर. निगेटिव्ह पुन्हा सोडवली, अल्टरनेटरच्या मागची, बॅटरीच्या प्लसकडे जाणारी जाड बी-प्लसची वायर काढून टोकाला टेप गुंडाळली आणि परत मोजलं. आकडा शून्यावर. वीज अल्टरनेटरमधूनच गळत होती, बाकी बोटीचा काही दोष नव्हता.

संध्याकाळी पाचला बोट नांगरली आणि पहाटे पाचला निघायचं, म्हणजे बारा तास. ३.४ गुणिले १२, सुमारे ४१ अँपिअर-तास. शिवाय दुसऱ्या दिवशी इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.१ व्होल्टच मिळाले, जिथे १४.२ च्या आसपास हवे होते. म्हणजे दिवसा पोट अर्धवट भरायचं आणि रात्री ४१ जायचे. तिसऱ्या-चौथ्या पहाटे टकटक होणारच. त्याच वेळी मीटर एसीवर (दिशा बदलणाऱ्या विजेवर; बॅटरीची एका दिशेची ती डीसी) टाकून बॅटरीच्या दोन टोकांमध्ये मोजलं तर एक व्होल्टच्या वर दाखवलं. चांगल्या अल्टरनेटरला हा आकडा व्होल्टच्या दशांशाच्या आसपास असतो. इथे एक सावधगिरी. स्वस्तातले काही मीटर डीसीलाच एसी समजून भलता आकडा दाखवतात. प्रोब उलटे लावून बघावं. एका बाजूने पंचवीस-तीस आणि दुसऱ्या बाजूने शून्य असं आलं, तर तो मीटर या कामाचा नाही.

वायरलेस सेटमध्ये इंजिनाच्या गतीबरोबर चढणारी-उतरणारी शिटी येते, असं खलाशी म्हणाला होता. तीही याच एसीची.

डायोड थांबवतो म्हणजे काय करतो

अल्टरनेटरच्या तीन गुंडाळ्यांमध्ये तयार होणारी वीज एसी असते, दिशा बदलत राहणारी. बॅटरीला एका दिशेची हवी. हे काम सहा डायोड करतात : प्रत्येक गुंडाळीच्या टोकाला एक डायोड बॅटरीच्या प्लसकडे जाणारा आणि एक बॉडीकडून, म्हणजे मायनसकडून, येणारा. या बोटीवरच्या अल्टरनेटरमध्ये याशिवाय तीन छोटे डायोड होते. ते त्याच गुंडाळ्यांतली थोडी वीज रेग्युलेटरमार्फत रोटरला देतात. त्यांच्या टोकाला डी-प्लस म्हणतात. चार्जिंगचा लाल दिवा चावी आणि डी-प्लस यांच्यामध्ये जोडलेला असतो.

कोकणात खारभूमीच्या बांधाला उघाडी असते. ओहोटीला शेतातलं गोडं पाणी झडप ढकलून खाडीत जातं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ लागलं की तेच पाणी झडप दाबून बंद करतं. डायोडचं वागणं असंच आहे, आणि उघाडीची झडप अडकून उघडी राहिली तर जे होतं तेच या बोटीत झालं होतं. पावसाचं पाणी पूर्वीसारखंच बाहेर जात राहतं, म्हणून वरवर सगळं ठीक वाटतं. नुकसान होतं ते भरतीला.

डायोडमध्ये मात्र हलणारी झडप कुठेच नाही, आणि मला या वस्तूचं सगळ्यात जास्त अप्रूप इथेच वाटतं. तो सिलिकॉनच्या स्फटिकाचा असतो. सिलिकॉनच्या अणूला बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात, ते चारही शेजाऱ्यांशी बांधलेले. त्यामुळे शुद्ध सिलिकॉन वीज फारशी वाहून नेत नाही. त्यात अगदी थोडा फॉस्फरस मिसळला की फॉस्फरसच्या पाचांपैकी एक इलेक्ट्रॉन मोकळा राहतो. हा एन भाग. बोरॉन मिसळला तर त्याच्याकडे तीनच असल्याने एका इलेक्ट्रॉनची जागा रिकामी राहते. या रिकाम्या जागेला होल म्हणतात, हा पी भाग. दोन्ही भाग वेगवेगळे पाहिले तर दोन्हीकडून वीज कुठल्याही दिशेने जाते. दोन्ही एकाच स्फटिकात एकमेकांना लागून आले की त्या सीमेवर गोष्ट बदलते.

सीमेजवळचे एन भागातले मोकळे इलेक्ट्रॉन पी भागात शिरतात आणि तिथल्या रिकाम्या जागा भरतात. मागे एन बाजूला फॉस्फरसचे धन भारित अणू उरतात, पी बाजूला बोरॉनचे ऋण भारित. हे अणू जागचे हलू शकत नाहीत. त्यांच्यामुळे सीमेवर एक विद्युत क्षेत्र उभं राहतं आणि ते आणखी इलेक्ट्रॉनना पलीकडे जाऊ देत नाही. मायक्रॉनच्या घरातला हा पातळ पट्टा मोकळ्या भारांपासून रिता असतो. आता पी बाजूला प्लस आणि एन बाजूला मायनस लावला की बाहेरचा दाब या आतल्या अडसराविरुद्ध काम करतो. सिलिकॉनमध्ये ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास अडसर इतका उतरतो की प्रवाह जोरात सुरू होतो. उलट जोडलं की बाहेरचा दाब अडसराला बळ देतो, पट्टा रुंदावतो आणि जवळजवळ काहीच जात नाही. थोडीशी गळती राहते. ती साधारण दर १० अंश सेल्सिअसला दुप्पट होते, म्हणून गरम इंजिनाशेजारचा डायोड गार टेबलावर तपासून पूर्ण समाधान मानू नये.

एका दिशेने वीज नेणारे स्फटिक पी-एन सीमा कळण्याच्या पुष्कळ आधी माहीत होते. कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८७४ मध्ये धातूंच्या सल्फाइड खनिजांत हा गुण नोंदवला. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा स्फटिक वापरून विद्युत लहरी टिपणारं साधन केलं आणि त्याचं अमेरिकी पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळालं. सिलिकॉनमधली पी-एन सीमा बेल लॅबोरेटरीजमध्ये रसेल ओल यांच्या हाती लागली ती १९४० मध्ये. शाळेच्या पुस्तकात डायोडच्या धड्यावर बोसांचं नाव मोठ्या अक्षरांत असावं असं मला मनापासून वाटतं.

तीनही गेलेत असं वाटतं तेव्हा

अल्टरनेटर उतरवून दुकानात आणला. मागचं झाकण काढल्यावर आत मिठाचा पांढरट थर आणि डायोडची प्लेट. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून प्लसकडचे तीन डायोड तपासले. चांगला सिलिकॉन डायोड एका बाजूने ०.५ ते ०.६ व्होल्ट दाखवतो आणि उलट बाजूने काहीच दाखवत नाही. इथे तिन्ही डायोड दोन्ही बाजूंनी ०.००.

इथेच बरेच जण फसतात. "तिन्ही गेले" म्हणून मोकळे होतात. पण तिन्ही गुंडाळ्या आतून एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यांचा रोध अगदी नगण्य असतो. त्यामुळे एक डायोड शॉर्ट असला की त्या गुंडाळ्यांमार्फत मीटरला तिन्ही शॉर्टच दिसतात. गुंडाळ्यांची तीन टोकं प्लेटवरून सोल्डर तापवून मोकळी केली आणि मग मोजलं. पहिला ०.५२, दुसरा ०.५३, उलट बाजूने दोन्ही बंद. तिसरा दोन्हीकडून ०.००. भिंगातून पाहिलं तर त्याच्या टोपणाजवळच्या काळ्या लेपाला केसासारखी चीर आणि कडेला तपकिरी डाग. बॉडीकडचे तीन आणि छोटे तीन मीटरवर ठीक होते.

मीटरवर ठीक म्हणजे खरंच ठीक, असंही धरू नये. मीटर डायोडवर दोन-तीन व्होल्ट टाकतो आणि मिलिअँपिअरभर प्रवाह देतो. १२ व्होल्टला गळणारा डायोड त्यात सुटून जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक डायोड बॅटरी आणि इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब यांच्याबरोबर एका माळेत उलटा जोडला, मध्ये मिलिअँपिअरवर मीटर ठेवला आणि प्लेट हीट गनने हात टिकणार नाही इतकी तापवली. उरलेल्यांनी काही जाऊ दिलं नाही.

आता रात्रीचा प्रवास जुळवता येतो. बॅटरीचा प्लस शॉर्ट डायोडमधून उलटा गुंडाळीत शिरला. तिथून बॉडीकडे जाऊ शकला नाही, कारण बॉडीकडचे तिन्ही डायोड शाबूत होते आणि ते अडवत होते. पण छोट्या डायोडांना ही त्यांची नेहमीचीच दिशा. त्यांच्यातून वीज डी-प्लसला, तिथून रेग्युलेटरला, तिथून रोटरला. रेग्युलेटरला १२ व्होल्ट दिसले. त्याला हवे १४ च्या वर, म्हणून त्याने रोटरला पूर्ण प्रवाह दिला. रोटरचा रोध मोजला तर ३.२ ओहम. बॅटरीच्या १२.६ मधून छोट्या डायोडचे ०.७ आणि रेग्युलेटरचा सुमारे एक व्होल्ट वजा केला तर १०.९ उरतात. त्याला ३.२ ने भागा. ३.४ अँपिअर, बोटीवर मीटरने दाखवलेला तोच आकडा.

दिव्याचं कोडंही यातच सुटतं. डी-प्लसवर कायम बारा व्होल्टच्या आसपास दाब होता. चावी दिली की दिव्याच्या दोन्ही टोकांना जवळपास सारखाच दाब, म्हणून तो लागत नसे. चावी काढली की डी-प्लसवरून उलटा प्रवाह दिव्यातून चावीमागच्या इतर वायरिंगमध्ये उतरे आणि दिवा मंद पेटे. खलाशाने अंधारात पाहिलेलं ते हेच. या पोराच्या नजरेमुळे निम्मं काम झालं आणि मी हे तांडेलांना स्पष्ट सांगितलं.

इंजिन चालू असताना हाच डायोड वेगळा त्रास देत होता. दुसऱ्या गुंडाळीतून प्लसकडे आलेला प्रवाह बॅटरीत जाण्याऐवजी त्यातून परत गुंडाळीत घुसे. म्हणून १३.१ व्होल्ट, म्हणून एसी, म्हणून शिटी आणि गुंडाळीवर नको इतकी उष्णता. आणखी काही आठवड्यांत वाइंडिंग जळालं असतं.

डायोड गेला कसा

सिलिकॉनचा डायोड आपोआप सहसा जात नाही. जून-जुलैची मासेमारी बंदी लागली की बोट किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि बॅटरी घरी नेतात. तशी ती नेली होती. परत बसवताना काय काय झालं, ते खलाशाला सावकाश विचारलं. त्याने आधी केबिनची बारीक वायर जोडली. केबिनमधला जुना तारेचा बल्ब लागला, पण एलईडीच्या पट्ट्या लागल्या नाहीत. पट्ट्या पावसाळ्यात गेल्या असाव्यात असं त्याला वाटलं. मग इंजिनाची जाड केबल टेकवली तर मोठी ठिणगी उडाली. त्याने ती झटकन काढली, वायरी अदलाबदल करून जोडल्या आणि सगळं सुरू झालं. पट्ट्याही लागल्या.

एलईडी हाही डायोडच. उलट जोडला तर प्रकाश देत नाही. तारेच्या बल्बला दिशेचं काही नसतं. बल्ब लागतो आणि एलईडी लागत नाहीत, म्हणजे बॅटरी उलटी लागली आहे. जाड केबल टेकवण्याआधी हा इशारा समोर होता.

बॅटरी उलटी लागली की अल्टरनेटरचे सहाही डायोड पुढच्या दिशेला येतात. बॉडीकडून प्लसकडे दोन-दोन डायोडांच्या तीन वाटा, मध्ये नगण्य रोध आणि मागे शंभरांनी अँपिअर देऊ शकणारी बॅटरी. तापला की सिलिकॉन डायोडवरचा व्होल्टेज दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरतो, म्हणून जो आधी तापतो तोच आणखी जास्त प्रवाह ओढून घेतो. उष्णतेने पी-एन सीमाच वितळते. मग मागे उरतो तो साधा वाहक, दोन्ही दिशांना मोकळा. केबल लगेच निघाली म्हणून एकावरच भागलं.

खलाशावर राग काढण्यासारखं यात काही नव्हतं. त्या बॅटरीवरच्या खुणा मीठ आणि ग्रीसने पार बुजल्या होत्या आणि दोन्ही केबल काळ्या होत्या.

काय केलं

एकच डायोड ठोकून काढून नवा बसवता येतो आणि ते स्वस्तही पडतं. मी पूर्ण प्लेट बदलायला सांगितली, कारण उरलेल्या पाचांनीही तोच झटका सोसला होता आणि बोट रात्री समुद्रात असते. प्लेट बसवल्यावर चावी बंद असताना काही मिलिअँपिअर, इंजिन चालू असताना १४.३ व्होल्ट, एसी ०.०५. लाल दिवा चावी दिल्यावर लागला आणि इंजिन धरल्यावर विझला. तांडेलांनी तो तीनदा करून पाहिला.

केबिनच्या वायरीत १० अँपिअरचा फ्यूज टाकला आणि त्याच्या पुढे प्लस-मायनसमध्ये ६ए१० हा डायोड आडवा लावला, पट्टीची बाजू प्लसला. एरवी तो अडवून बसतो आणि काहीच खात नाही. बॅटरी उलटी लागली की तो वाहू लागतो, फ्यूज उडतो आणि फिशफाइंडर, जीपीएस, वायरलेस यांच्यावर व्होल्टभरापलीकडे उलटा दाब येत नाही. हाच डायोड वायरीत सरळ माळेत टाकला असता तरी संरक्षण मिळालं असतं, पण मग बारातले पाऊण व्होल्ट कायमचे गेले असते. वायरलेस सेट बोलताना जास्त प्रवाह ओढतो, तिथे ते जाणवतं.

प्लसच्या केबलला लाल नळी चढवली. बहुतेक बॅटऱ्यांचा प्लसचा खांब मायनसपेक्षा थोडा जाड असतो. खुणा गेल्या तरी दोन्ही क्लॅम्प घालून बघितले की कळतं, आणि मीटर असेल तर प्रश्नच नाही.

तांडेलांना आणखी एक गोष्ट बजावली. अल्टरनेटर चार्ज करतो का हे बघायला चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची सवय बंदरावर अजून आहे. बॅटरी अचानक तुटली की अल्टरनेटरचा दाब क्षणभर चौदाच्या कितीतरी वर उसळतो, आणि डायोडची उलटी सहनशक्ती ओलांडली की तीच सीमा फुटते. बॅटरीवर मीटर ठेवून १४ च्या आसपास आकडा दिसतो का, एवढं पाहिलं की तपासणी झाली. खलाशाला मीटर वापरायला शिकवलं आहे आणि आता तो बोटीवरच असतो.